शूटिंगचे पिंप

३ ऑगस्ट, रविवार, सकाळी ७.१०
आशा सेविका सत्यशीलाताईंनी गल्लीचे आरोग्य पेज माझ्याकडे सोपवले. तीन महिने नीट चालवले तर तालुक्याच्या पेजसाठी माझे नाव सुचवणार. बारावी राहिली, पण शुद्धलेखन पक्के आहे. पहिली रील डेंग्यूवर. वळवळत्या अळ्यांचा क्लोजअप हवा. बघणाऱ्याला घाम फुटला पाहिजे.

४ ऑगस्ट
गल्लीत एक अळी मिळेना. ताईंच्या कोरड्या दिवसापायी दर शुक्रवारी सगळे भांडी पालथी घालतात. अशाने कंटेंट कसा बनणार? आमच्या न्हाणीमागे अर्धे कापलेले निळे पिंप पाण्याने भरून ठेवले. वर पाटी: शूटिंगचे साहित्य. कृपया हात लावू नये.

८ ऑगस्ट, शुक्रवार, कोरडा दिवस
आई पिंप उलटे करायला निघाली. अडवले. म्हणाली, बापू, कायले डास पाळून राह्यला? तिला शांतपणे समजावले: अंडी, अळी, कोष, डास. ताई आमच्याकडे आत आल्याच नाहीत. पेजवाल्याचं घर काय पाहायचं, म्हणाल्या. विश्वास कमावला आहे.

१३ ऑगस्ट
अळ्या छान आल्या. पण रीलवर 'पाणी साठवू नका' लिहू की 'पाणी साचू देऊ नका'? दोन्ही शुद्ध. हे ठरले की शूटिंग.

१६ ऑगस्ट
अळ्या गायब. आईने साबणाचे पाणी ओतले असणार. ती म्हणते, मी तिकडे गेलीच नाही. मग गेल्या कुठे? पिंप पुन्हा भरले.

३० ऑगस्ट
दुसरी बॅच. अखेर शूटिंग. रील टाकली. व्ह्यूज चौदा. त्यांतले नऊ आईचे.

५ सप्टेंबर
आईला ताप. आंग मोडून राह्यलं, म्हणते. घरात डास फार. शेजारच्या नेमसिंगकाकांना कूलरमधल्या पाण्यावरून सुनावले. म्हणाले, कूलर मे महिन्यातच विकला भाऊ, तुले दिसते ते रिकामं स्टँड आहे.

९ सप्टेंबर
डेंग्यू. प्लेटलेट अठ्ठावीस हजार. यवतमाळला हलवले. गाडीत आईचा हात धरून बसलो होतो. पेजवर काय टाकावे सुचले नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
बहीण दीपा आईजवळ थांबली. मी कपडे न्यायला घरी आलो. ताई तपासणीला आल्या, यावेळी आत. चौतीस घरांत अळ्या फक्त आमच्याकडे. पाटी त्यांनी पूर्ण वाचली. शुद्धलेखनाबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, कर उलटं, मी व्हिडिओ काढते, हाच टाक पेजवर. भिंतीपलीकडून नेमसिंगकाका म्हणाले, हिरो, जरा कॅमेऱ्यात पाह्य. मी पाणी ओतून दिले. व्हिडिओ टाकला.

१५ सप्टेंबर
व्ह्यूज नऊ हजार. अख्ख्या ढाणकी गावाने शेअर केला. तालुक्याचा विषय मी काढला नाही. प्लेटलेट बावन्न हजार. आईने वॉर्डात दीपाच्या मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. म्हणाली, मी तवाच पाणी फेकत होती ना रे.
मी हो म्हणालो.
तिने तो पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.