जावईबापूंची बीटा

चि. जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. (हे मनापासून आहेत. नीट जपून ठेवा, कारण पत्रात पुढे ते पुन्हा कुठे सापडणार नाहीत.) तुमची तब्येत ठीक असेल. आमच्या लेकीचा खोकला कमी झाला का? तिला म्हणावं, वाफ घे आणि खिडकी सताड उघडी टाकून झोपू नकोस. इकडे तुमचे सासरे बरे आहेत, माझा गुडघा होता तसाच कुरकुरतो आहे, आणि दवाखान्यातल्या कॉम्प्युटरची तब्येत मात्र तुम्ही इथून पाय काढलात तेव्हापासून पार ढासळली आहे. हे पत्र त्याच्याबद्दल आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही "हो आई, बरोबर आहे आई" असं काही लाडाने म्हणता की माझा राग विरघळून जातो. कागदावर तो घट्ट राहील.

तुम्ही जावई आहात, म्हणून सगळं पत्र अहो-जाहो करूनच लिहिणार आहे. पोटचा मुलगा असतात तर दोन ओळींत काम भागलं असतं, आणि त्या दोन ओळी तुम्हाला कुणाला वाचून दाखवता आल्या नसत्या.

आठवून बघा. सुट्टीला आला होतात. लेक वर झोपली होती, मी खाली दवाखान्यात एका मांजराचा कान साफ करत होते, आणि तुम्हाला करमत नव्हतं. करमत नसलेल्या माणसाने फिरायला जावं, पेपर वाचावा, कुत्र्यांना पाणी ठेवावं. तुम्ही माझ्या कॉम्प्युटरसमोर बसलात. "आई, आमच्या कंपनीची नवी ऑपरेटिंग सिस्टिम येतेय. अजून बीटा आहे. तुमच्याकडे टाकू का?" मी विचारलं, बीटा म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, म्हणजे जवळजवळ झालेली, लोकांनी वापरून बघायची, चुका सांगायच्या. अहो, जवळजवळ तपासलेलं औषध मी उंदरालाही देत नाही! पण तुम्ही हसलात. म्हणालात, "तुमचं जुनं आहे तसंच राहील. ही फक्त शेजारी असेल." त्या "शेजारी" शब्दाला मी भुलले. मला वाटलं, शेजारी म्हणजे मध्ये भिंत असते, आपण आपल्या घरात, ते त्यांच्या घरात. ही बाई माझ्या घरात शिरून निम्म्या खोल्या बळकावून बसेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत, बॅकअप आहे ना? मी हातमोजे घालून आत होते. तुमच्या सासऱ्यांनी टेबलाखालच्या बॅटरीच्या पेटीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, आहे की, वीज गेली तरी तासभर चालतो. तुम्ही स्क्रीनवरची नजर न हलवता "छान" म्हणालात. (तुम्ही कागदांच्या दुसऱ्या प्रतीबद्दल विचारत होतात, हे मला आता कळलं. त्यांना अजूनही वाटतं की त्यांनी बरोबर उत्तर दिलं.) त्यानंतर तुम्ही माझ्या डिस्कचे दोन तुकडे केलेत, मोठा नवीला आणि उरलासुरला जुनीला. स्क्रीनवर "तीन मिनिटं बाकी" असं आलं आणि ती तीन मिनिटं आपण जेवलो तरी, चहा झाला तरी, तुमच्या बॅगा भरून झाल्या तरी बाकीच होती. शेवटी टॅक्सी दारात उभी असताना ते काम संपलं, तुम्ही माझ्या पाया पडलात, आणि गेलात. तपासून बघायला कोण थांबलं? कुणीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी बटण दाबलं तर काळाकुट्ट स्क्रीन. त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन नावं. वर तुमची नवी, खाली माझी जुनी, आणि त्याखाली उलटे मोजणारे आकडे. वेळेत बाण दाबून खाली गेलं नाही तर नवी आपोआप उघडते. जावईबापू, मी जनावरांची डॉक्टर आहे. सकाळी माझ्या एका हातात सुई असते आणि दुसऱ्या हाताखाली चावरं कुत्रं असतं. बाण कुठल्या हाताने दाबायचा? माझी मदतनीस दाबेल म्हणावं, तर ती त्या कुत्र्याचं दुसरं टोक धरून उभी असते. त्यामुळे दर वेळी तुमचीच बाई उघडायची, डोंगराचं चित्र दाखवायची आणि "सुप्रभात, आज काय नवीन करायचं?" असं विचारायची. काहीही नवीन करायचं नाही! जुनंच करायचं आहे! औषधाच्या बाटलीवर लेबल छापायचं आहे! तर लेबल छापायच्या यंत्राला ती म्हणाली, अनोळखी वस्तू. इतकी वर्षं इथे राबणारं यंत्र अनोळखी, आणि ही काल आलेली घरची.

बरं, जुनीत जावं तर ती बिचारी दर थोड्या वेळाने "जागा संपत आली आहे, काहीतरी काढून टाका" असं रडायची. काय काढू? कुणाच्या मांजराचे कागद काढू?

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. (बसले नसते, पण पत्र छोटं झालं असतं.) मग घड्याळाचं प्रकरण झालं. तुमचे सासरे निवृत्त झाल्यापासून बाहेरच्या टेबलाशी बसतात हे तुम्ही पाहिलंतच. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की ते तुमच्या नव्या सिस्टिममध्ये पत्ते खेळायला लागले. सकाळी मी धडपडत बाण दाबून जुनी उघडायची, तर तिचं घड्याळ कित्येक तास पुढे. दुरुस्त करावं, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा पुढे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही काहीतरी दाबता. ते म्हणाले, आतला सेल गेला असेल. आम्ही सेल बदलला. दोन दिवस एकमेकांशी बोलणं बंद केलं. घड्याळ पुढेच! दोन्ही सिस्टिम त्या एकाच घड्याळाचा आपापल्या परीने अर्थ लावतात आणि एक ठेवते ते दुसरी चुकीचं वाचते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शेजारी राहायचं आणि वेळसुद्धा एक ठेवायची नाही, याला काय म्हणावं?

आता तुम्हाला हे माहीत नसेल की माझ्याकडे सकाळी कुत्री आणि दुपारी मांजरं असतात. मुद्दाम. भिंतीवर तशी पाटी आहे. "तुमची वेळ झाली, निघा" असा निरोप लोकांना हाच कॉम्प्युटर पाठवतो. एका सकाळी त्याला वाटलं, दुपार झाली. त्याने सगळ्यांना, सकाळच्यांना आणि दुपारच्यांना, एकदम निरोप पाठवले, आणि लोक इतके शिस्तीचे की सगळे आले. माझी बाहेरची खोली केवढी, तुम्ही तिथे पाय पसरून बसता तेवढी. तिच्यात न्हाव्याचा वासराएवढा कुत्रा, संगीताच्या बाईंची तीन मांजरं, बेकरीवाल्याची दोन पिल्लं आणि एक पोपट. पोपट कुणाचा होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. एक मांजर पिंजऱ्यातून सुटलं आणि न्हाव्याचा एवढा थोरला कुत्रा घाबरून बाकाखाली घुसला, बाकासकट उठला. बाकावर बेकरीवाला बसला होता. संगीताच्या बाई वरच्या पट्टीत किंचाळल्या, पोपटाने ती पट्टी लगेच उचलली. न्हावी मला म्हणाला, "डॉक्टर, पाटी वाचता येते आम्हाला. तुमच्या कॉम्प्युटरला येत नाही वाटतं?" भर खोलीत. संगीताच्या बाई आता दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, म्हणे तिथे शांतता असते.

आणि आता जे लिहिते आहे ते हसण्यावारी नेऊ नका.

एक टॅक्सीवाला आहे. एकटा माणूस, घरी एक म्हातारी कुत्री, बाकी कुणी नाही. तो तिला चादरीत गुंडाळून घेऊन आला. खाणं बंद, सारखी ओकत होती, पोट दगडासारखं. काहीतरी गिळलंय हे दिसत होतं, पण काय आणि कुठे? एक्स-रे काढला. तो बघायचा प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टिममध्ये चालतो, आणि उघडी होती नवी. मी ती बंद करून जुनीकडे जायला निघाले, तर बाईसाहेबांनी त्याच क्षणी स्वतःची डागडुजी काढली. स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र, आणि खाली, "कृपया बंद करू नका. आम्ही तुमच्यासाठी काहीतरी छान तयार करत आहोत." टॅक्सीवाला कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने विचारलं, "डॉक्टर, दिसतंय का काही?" मी तुम्हाला फोन लावला. तुमच्या फोनने मला हसरा चेहरा पाठवला, "कामात आहे, नंतर बोलतो."

थांबायला वेळ नव्हता. भूल दिली, मी डोळे मिटले आणि पोटावरून बोटं फिरवत गेले, चित्राशिवाय, एक्स-रेचं यंत्र घेण्याआधी करत असे तसं. गाठ लागली असं वाटलं. नुसतं वाटलं, खात्री नव्हती, आणि तेवढ्यावर मी चाकू लावला. नशिबाने गाठ तिथेच निघाली. आत गोळा झालेला पायमोजा होता. कुत्री वाचली, आता भातसुद्धा खाते. पण जावईबापू, त्या वेळी मला तुमचा राग आला नव्हता. भीती वाटत होती. राग नंतर आला, हात धुताना, आणि तो अजून गेलेला नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा स्क्रीनवर नवा डोंगर होता. ते "काहीतरी छान" म्हणजे तो डोंगर!

तर आता स्पष्ट सांगते. येत्या सुट्टीला या. ही तुमची बीटा मुळापासून उपटा, माझी डिस्क मला अख्खी परत करा, आणि जाताना न्हाव्याच्या दुकानात जाऊन त्याच्यासमोर उभे राहा. केस कापून घेतलेत तरी चालेल, तो कसे कापेल याची हमी मी देत नाही. लेकीला हे पत्र वाचायला द्या. ती तुमची बाजू घेईल, पण तिला माझी बाजू कळू दे.

तुमची (तूर्त नाइलाजाने)
सासूबाई

ता. क. हे पत्र नव्या सिस्टिममध्ये टाइप केलं आहे, कारण जुनीत आता पत्रापुरतीही जागा नाही. अक्षरं मोठी आणि ठसठशीत दिसतात, एवढं मान्य करते. याचा दुसरा काही अर्थ काढू नका.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी तुमच्या सासऱ्यांनी पत्र वाचलं आणि शुद्धलेखनाची एकही चूक न काढता खाली ठेवलं. मी चरकलेच. ज्या माणसाने नोकरीभर लिफ्ट तपासल्या आणि प्रत्येकीत दोष काढले, तो निवृत्त झाल्यावर काय करणार? माझ्यात काढत होता. नळ किती घट्ट बंद करते, कात्र्या कुठल्या क्रमाने ठेवते, पोळी कुठल्या बाजूला जाड होते. लेकीला मी हे कधी सांगितलं नाही. पण त्या तुमच्या बीटाच्या कोपऱ्यात "चूक कळवा" असं एक बटण आहे, ते त्यांना सापडलं आहे. घड्याळाची चूक त्यांनीच कळवली. तुमच्या कंपनीतून कुणीतरी लिहिलं, "आभारी आहोत, आणखी काही आढळल्यास अवश्य कळवा." अवश्य! या माणसाला आजवर असं कुणी म्हटलेलं नाही. ते आता सकाळी दाढी करून टेबलाशी बसतात, दुपारी शीळ घालतात, आणि कात्र्यांकडे बघतसुद्धा नाहीत. तेव्हा वर लिहिलेलं "उपटा" हे रद्द समजा. हा कॉम्प्युटर वर त्यांच्या खोलीत हलवू, आणि मला खाली दुसरा एखादा साधा आणून द्या, ज्याच्या शेजारी कुणीही राहत नाही. मी मागितला असं त्यांना सांगू नका.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. काल त्यांना कंपनीचा निरोप आला की चुका जवळजवळ संपल्या, लवकरच बीटा जाऊन पक्की सिस्टिम येईल. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मग स्वयंपाकघरात आले आणि ताटाळ्याकडे बघत उभे राहिले. जावईबापू, पाया मी तुमच्या पडू शकत नाही, नाहीतर पडले असते. तिथे तुमचं काही वजन असेल तर ते वापरा, आणि त्या सिस्टिममध्ये चुका राहू द्या. उरल्या नसतील तर नव्या घाला. तुम्हाला ते जमेल याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.