बारशाची कॅसेट

९ ऑक्टो. ९९, शनि. सातारा
लय दिवसांनी एवढा हसलो. आप्पा, म्हंजे मालक, कराडला. स्टुडिओसमोर रस्त्याला रुपया चिकटवला, काचेमागं कॅमेरा लावून बसलो. पंचवीस मिन्टं. जो येतोय तो वाकतोय. एका मास्तरानं लय उकरला, न्हाई निघाला. मग इकडंतिकडं बगून बुटाची नाडी बांदल्यागत केलं. पायात चप्पल!
रिकामी कॅसेट न्हवती. सुनीतावैनीच्या पोरीच्या बारशाची घेतली. ती कवाच कॉम्प्युटरात उतरवून झालीया. उतरवली की परत वापरायची, आप्पांचीच पद्दत.
दुपारी दोस्ताच्या सीडीवरनं व्हिडिओ कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकला. आता मिक्सिंग पळंल.

११, सोम.
मिक्सिंग उघडलं. निळा पडदा, मशीन पडलं. बंद-चालू केलं. परत निळा.
आप्पांना हाक मारली. म्हनले, "परत तीच गंमत व्हय रं पम्या? काढ ती."
गेल्या म्हयन्यात मीच निळ्या पडद्याचं चित्र करून लावलं व्हतं. आप्पांनी तवा मॉनिटरला अंगारा लावला व्हता. मी आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरलो.
आज खरं हाय तर कोण मानंना.

१२, मंगळ.
सुनीतावैनी आली, पोरगी काखंत. वैनीचे मिस्टर मिल्ट्रीत, तिकडं लांब. पोरीचं तोंड अजून बगितलं न्हाई त्यांनी. गावचा हणमंतभाऊ रजेवर आलाय, तो दसऱ्याला मिरजेतनं गाडी धरणार. त्याच्या हाती कॅसेट जायाची.
वैनी म्हनली, "आवं पमूभावजी, लेबलावर नाव लिवू नगा हां पोरीचं."
"का वं?"
"ह्यांना कळवलंच न्हाई मी. पत्रात लिवलं, नाव कॅसेटीतच ऐका. आत्या कानात सांगती आन् मग मोठ्यानं म्हनती न्हाई का, तवा. सासूबाईस्नी बी शपत घातलीया. ह्ये दर पत्रात इचारत्यात, काय ठेवलं, काय ठेवलं."
हसली. मी बी हसलो. मागं पडदा निळा व्हता, मी आडवा उभा राहिलो.
ती गेल्यावर कॅसेट लावून बगितली. पंचवीस मिन्टं मान्सं वाकत्यात. मग एकदम बाया घुगऱ्या वाटत्यात, बारसं संपलेलं.
पाळणा न्हाई. आत्या न्हाई. नाव न्हाई.
हसू न्हाई आलं.

१४, गुरु.
बारसं आता फक्त हार्डडिस्कवर. नऊ तुकडे केलेले. दर बारीला मशीन पडतंय, परत चालू केलं की स्वतःच डिस्क तपासतंय, आन् तपासून झालं की कायतरी कमी. काल आठ. आज सात. पाळण्याचा, नाव सांगायचा तुकडा चौथा. अजून हाय. उघडून बगायचं धाडस न्हाई.
हार्डडिस्क पिशवीत घालून कॉम्प्युटर क्लासात नेली. तितल्या मशीनवर नुसतं काळं दिसलं. सर म्हनले, "ह्या फायली त्या कार्डाबिगार दिसायच्या न्हाईत." म्हंजे ज्यानं पडतंय त्याच्याशिवाय बगता येत न्हाई.
जेवन जाईना. आई म्हनती नजर लागली.

१५, शुक्र.
नवा ड्रायव्हर काढला. तरी निळा. जुन्याची फ्लॉपी शोधली. सापडली. वर माझंच अक्षर, 'भूत गेम'. मीच ड्रायव्हर पुसून गेम भरला व्हता.

१६, शनि.
सहा तुकडे. चौथा हाय.
आप्पांना म्हनलं, खरंच बंद पडलंय. ते माझ्या तोंडाकडं बगत बसले, कवा हसतोय म्हनून. मग म्हनले, "घाबरलायस व्हय रं?"
न्हाई म्हनलं.
"मग घाबरायचं काय त्यात? कॅसेट हाय की. परत उतरव."
मी म्हनलं, कॅमेऱ्याचा हेड घासलाय, नीट येईना. खोटं. इतकं पटकन आलं तोंडातनं की माझी मलाच भीती वाटली.
आप्पा म्हनले, "सोमवारी सांगलीला घेऊन जा कॉम्प्युटरचा डबा. जितनं कार्ड घेतलं त्या अण्णांकडं." पाठीवर हात ठिवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१८, सोम. सांगली
एस्टीत डबा मांडीवर, खाली उशी. पेठनाक्याच्या पुढं लय खड्डे. दर खड्ड्याला चौथा तुकडा, चौथा तुकडा म्हनत बसलो. शेजारची म्हातारी म्हनली, "बाळा, जप कसला करतोस?"
अण्णांच्या दुकानात गेलो. खंडेनवमी! ध्यानातच न्हाई. पाटावर सगळे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सोल्डरगन, हळदकुंकू लावून वळीनं बसलेले. अण्णा म्हनले, "हत्यारं पूजेला बसल्यात. आज कुणी हात लावायचा न्हाई. उद्या उचलू."
पाया पडलो. "उद्या," म्हनले.
त्यांची पोरगी वैशालीताई, तीच सगळं दुरुस्त करती. तिनं नुसतं ऐकून सांगितलं, "व्हिडिओ कार्ड आणि साउंड कार्ड एकाच दारातनं घुसायला बघतायत. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवायचं, जुना ड्रायव्हर टाकायचा. फ्लॉपी आहे माझ्याकडं. पण तोवर चालू करू नकोस. जितक्या वेळा करशील तितकं खाईल." मग, "एवढं रडकुंडीला का आलायस? टेपवरनं परत घे की."
खोटं आलंच न्हाई ह्या बारीला. सगळं सांगितलं. रुपया, मास्तर, नाव.
ती हसली न्हाई. म्हनली, "तिला सांगितलंस?"
"न्हाई."
मग मीच इचारलं, "उद्या ठीक झालं तर?"
"तरी सांगायचं. आधी ते कबूल कर, मग डबा उघडते."
व्हय म्हनलो.
कुपवाडला मामाकडं आलो. सगळी वर्कशॉपं बंद, लेथ मशिनींना झेंडूच्या माळा. एवढं शांत कुपवाड कवा बगितलं न्हवतं. डबा समोर ठिवून बसलोय. दोन बारी बटनाकडं हात गेला. मामीला वायर लपवून ठेवायला सांगितली.

१९, मंगळ. दसरा
सकाळी अण्णांनी हत्यारं उचलली, पैला स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात दिला. कुंकू अजून मुठीला. ताईनं कार्ड हलवलं, फ्लॉपी घातली. चालू केलं. डिस्क तपासली. पाच तुकडे.
चौथा हाय.
ताई म्हनली, उघडून बघत बसायचं न्हाई, थेट व्हीसीआरवर उतरवायचं. जेवढं वाचलंय तेवढं सलग. वाटंत पडलं तर परत उठंल का न्हाई सांगता येत न्हाई. "माउसला हात लावू नकोस. कशालाच लावू नकोस."
म्हनून हितं लिवतोय. हाताला काम पायजे.

१२.४०. चालू केलं.
१२.५१. पैला तुकडा झाला. दुसरा गेलेला. एकदम तिसरा लागला. बाया पाळणा सजवत्यात.
१२.५८. चित्र थटलं. मी उठलो. ताईनं खांदा दाबून खाली बसवलं. परत चाललं. घाम सगळ्या वहीला.

दारात वैनी आलीया. आप्पांनी हितला पत्ता दिला म्हनं; मिरजेला जाता जाता, हणमंतभाऊ रिक्षात थांबलाय. पोरीच्या अंगावर नवं झबलं. म्हनती, "झाली का वं कॅसेट?" ताई माझ्याकडं बगती.
सांगितलं. रुपयाचं सगळं. वर बगितलं न्हाई. वैनीनं स्टूल वढलं आन् मॉनिटरसमोर बसली, पोरीला मांडीवर घिऊन.

१.०४. चौथा सुरू. पाळणागीत चाललंय. वैनीचं व्हट हलत्यात, आवाज न्हाई.
चित्राच्या खालच्या बाजूला हिरवी पट्टी आली. ताईचा श्वास ऐकू येतोय.
पट्टी गेली. परत आली.
आत्या उठली. पदर सावरला. वाकली. आता लिवनं बंद, ऐकतो.