मालकाच्या जागी माझं नाव

भांडुप,
२२ एप्रिल २०२५

ती. ताईस,

नमस्कार. आईलाही सांग. तिचे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे, थोडा वाळलोय.

हंपीला तीन महिने एका हॉटेलच्या भिंती रंगवल्या. मग गोवा. तिथे एकाने मला सुका बोंबील म्हणून जे काय वाढलं ते बघून तू ताट परत पाठवलं असतंस. आता मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मालकीण गार्गी म्हणून आहे, तिचं मांजर गिऱ्हाइकाच्या फोनवर झोपतं आणि गिऱ्हाईक बिचारं उभं राहतं. मांजराचं जाऊ दे.

हो, भांडुपला. दोन महिने झाले. आपलं वेसावे इथून किती लांब आहे ते मला माहीत आहे, तू सांगू नकोस.

लिहायचंय ते आपल्या सुक्या मासळीच्या वेबसाइटबद्दल. तू कंपनीला तीन मेल पाठवलेस ना? ‘माननीय मालक साहेब, वेबसाइटवर माझा जुना नंबर आहे, तो बंद झाला, कृपया बदला.’ ते पोचले.

वेबसाइटचं नाव विकत घेताना मालकाचं नाव, पत्ता, फोन भरावा लागतो. ते कुणालाही दिसू शकतं म्हणून झाकायची सोय असते. झाकलं तरी मालकाला लिहिलेला मेल फिरून त्याच्याकडे जातोच. तसे तुझे माझ्याकडे आले. कंपनी वगैरे कुणी नाही, ताई. मालकाच्या जागी मी माझंच नाव टाकलं होतं.

तुझ्या घरचा पत्ता जगाला दिसू नये, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. पण त्यासाठी तुझं नाव घालून झाकता आलं असतं. खरं म्हणजे मला तिथे काहीतरी माझं हवं होतं. दोन वर्षांपूर्वी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘हा कुठे चार महिने टिकलाय?’ मी बॅग उचलली आणि पासवर्ड घेऊन गेलो. म्हटलं, बसू दे शोधत.

पहिला मेल वाचून मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. दुसरा न वाचता ठेवला. तिसरा परवा वाचला. त्यात तू लिहिलंस, ‘साहेब, वेबसाइट माझ्या भावाने बनवली. तो आता इथे नाही. काही चुकलं असेल तर त्याला दोष देऊ नका, पोरगा हुशार आहे.’ दुकानात गिऱ्हाईक होतं. मी उठून मागे पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन उभा राहिलो.

आई आजारी होती तेव्हा तिची बाजारातली जागा दोन महिने रिकामी होती, आठवतं? कागद नाही, पावती नाही, तरी एकाही बाईने तिथे मासळीची पाटी ठेवली नाही. शेजारी बसणारी राधामावशी नव्या बाईला म्हणाली, ‘ती मंजुळाची जागा हाय, तू पलीकडं सरक.’ आईची पाटी तुझ्याकडे आली तशी ती जागा तुझी. आणि मी, घरचा माणूस, वेबसाइटवर तुझ्याच जागेवर बसलो. ते पण तोंड झाकून.

त्याच मेलमध्ये तू लिहिलंस ना, की शेजारचा जयवंत म्हणतो, मालकाचं नाव झाकलंय म्हणून गूगल विश्वास ठेवत नाही, म्हणून आपण शोधात खाली गेलो? मी बरंच वाचलं. झाकल्याने तसं होत नाही. पण दोन वर्षं पानाला हात नाही, नंबर लावला तर बंद, विकणारी कोण ते कुठे लिहिलेलं नाही. आलेला माणूस परत जातो. त्याने तरी विश्वास कशावर ठेवायचा? तेव्हा घरचा पत्ता झाकलेलाच राहू दे, कुणी सांगितलं तरी उघडू नकोस. पानावर मात्र तू दिसायला हवीस. तुझं नाव, बाजारातली जागा, पाटीसकट फोटो. नवा नंबर मी काल रात्रीच टाकला. पावसाळ्याआधीची आगोटीची खरेदी सुरू होईल, लोक आता शोधतील.

मालकी तुझ्या नावावर करायला दिली आहे. तुला एक मेल येईल, त्यात होकाराचं बटण आहे. ते दाबायच्या आधी वेबसाइटचा पासवर्ड बदल, आत्ताचा या पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. बटण दाबलंस की माझा तिथे काही हक्क उरणार नाही. परत मागणार नाही. फोटो काढायला कुणी हवं असेल तर मी रविवारी मोकळा असतो. नको म्हणालीस तर जयवंत काढेल, त्याचा कॅमेरा बरा आहे.

फोन करणार होतो. तुझा नंबर तुझ्याच मेलमध्ये होता, चार वेळा काढला. पण तू ‘हॅलो, कोण?’ म्हणाली असतीस, आणि त्याचं उत्तर आधी कागदावर द्यायला हवं होतं.

तुझा भाऊ,
प्रज्योत रामचंद्र भानजी
खोली ७, विद्याधर चाळ, भांडुप (पश्चिम)
फोन मागच्या बाजूला लिहिलाय. चालू आहे.