खिडकीजवळची जागा

सोम., ३ नोव्हें.
सकाळी बसमध्येच साहेबांचा मेसेज. टीममधून एक जण कमी करायचाय, नाव आजच मोबाइलवर टाका. तन्वी की निलेश? म्हटलं, घरी जाऊन दोघांचं काम बघू, मग ठरवू. संध्याकाळी मंडईत वांगी निवडत होते तर साहेबांचा फोन. "अहो, एवढा काय विचार करताय? लग्न लावायचंय का त्यांचं?" एका हातात वांगं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने निलेशचं नाव दाबलं. मीटिंगला कायम कॅमेरा बंद त्याचा. लक्ष नसणार कामात.
वांगं मात्र उलटसुलट करून घेतलं, किडकं नको.

मंगळ., ४
बसमध्ये नि. मागच्या सीटवर. मीटिंग सुरू झाली, त्याने कॅमेरा बंद केला. का रे? "तुम्हीच सांगितलं होतं न मॅडम. बसमधून कॅमेरा लावला का आवाज तुटते."
खरंच, मीच. पार विसरले होते.
नाव शुक्रवार दुपारपर्यंत बदलता येतं. साहेबांना कारण लिहून. काय लिहू, वांगी घेत होते?

बुध., ५
घरी दोघांचं काम उघडून पाहिलं. नि.चं कितीतरी सरस. उगाच पाहिलं.
यांना सांगितलं. पेपरमधून डोकं न काढता, "मग बदल की." यांचं सगळं सोपं असतं. मागे एकदा निर्णय फिरवला तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंचं आज एक, उद्या एक." सगळे हसले होते. पुन्हा नाही. पुढचं नाव माझंच यायचं.

गुरु., ६
नि.ने लग्नाची पत्रिका दिली. डिसेंबरात, यवतमाळला. "पहिली देवापुढे ठेवली, दुसरी तुम्हाला." मुलीकडच्यांनी पुण्यातली नोकरी बघून होकार दिलाय. मग हळूच, "एक जण कमी होणार म्हणतात. साहेबांपाशी शब्द टाकून पाहा न मॅडम. तुमचं ऐकतात ते."
"बघते," म्हटलं. आवाजसुद्धा हलला नाही माझा. राग आला, तोही त्याचाच. इतका विश्वास ठेवायला सांगितलं होतं कुणी?

शुक्र., ७
बसला उशीर झाला मला. नि.ने खिडकीजवळची जागा धरून ठेवलेली, स्वतः मागे बसला. "इथे रेंज चांगली भेटते मॅडम. तुमचं असन काही कामाचं."
मोबाइल मांडीवर उघडा. त्याच्या नावापुढे 'बदला' अजून दिसतंय. वाकडचा स्टॉप गेला. हे लिहीत बसलेय, तेवढाच हात गुंतलेला राहतो. ट्रॅफिक आज नेमका नाही.
मागून विचारतोय, "झालं का मॅडम काम?"