रजईतली शाल

४ मार्च

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. थंडी सरली. खिडकीबाहेरच्या झाडाने जुनी पानं टाकली. मला मात्र आज जुनं उकरावं लागतंय.

नेहमीसारख्या रजया उन्हात घातल्या. यांच्या रजईची कड उसवली होती. टाके घालायला बसले, तर आत सासूबाईंच्या आठवणीची ती शाल! चार वर्षांपूर्वी रजई पातळ झाली म्हणून मीच जुनी चादर घडीसकट आत शिवली होती. शाल त्या चादरीतच गुंडाळलेली. काटकसरीच्या नादात घडी उलगडून पाहिली नाही, आणि शाल सापडेना तेव्हा तुझ्यावर संशय घेऊन तुझी पेटी मात्र सगळ्यांदेखत उघडायला लावली. वेगळी राहायला गेलीस, त्यानंतर या घरात पाऊल टाकलं नाहीस. रोज देवापुढे हात जोडते, आज जोडवेनात.

मला माफ कर. एकदा ये.

तुझी थोरली जाऊ


१२ मार्च

ती. ताईंस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हे म्हणाले, तरीच दादा कुरकुरायचा की रजईत आधीच कुणीतरी झोपलंय. मला हसू आलं नाही.

पेटी तुम्ही मामंजींसमोर, नणंदबाईंसमोर उघडायला लावलीत. किल्ली मला माझ्याच हातांनी फिरवावी लागली. तेव्हा माफी पत्रातून नको. त्यांच्यासमोर सांगा, मग येईन.

उन्हात फार बसू नका, डोकं धरतं तुमचं.

तुमची धाकटी


२१ मार्च

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सांगितलं. रविवारी नणंदबाई जेवायला आल्या होत्या. वाढायच्या आधीच शाल मधोमध ठेवली आणि एका दमात बोलून टाकलं. मामंजींनी शाल उलगडून गुडघ्यांवर घेतली, एवढंच. नणंदबाई हळूच म्हणाल्या, वहिनी, पेटीत मीही वाकून पाहिलं होतं गं. यांनी मान वर केली नाही.

मग गच्चीवर गेले. निवडायला तांदूळ नेले नाहीत, जपमाळही नेली नाही. उघड्या फांद्यांवर तांबूस कोंब आलेत. किती वेळ पाहत बसले कोण जाणे. लाज गेली नाही, पण तिच्या शेजारी गप्प बसता आलं. एवढं शांत मला देवापुढेही वाटलं नव्हतं.

रजई उसवलेलीच ठेवलीय. यांची कुरकुर चालू आहे, पण थंडीला अवकाश आहे. टाके दोघी मिळून घालू.

येताना ती पेटी घेऊन ये. दारातून आत मी उचलून नेईन.

लोभ मागायला जीभ धजत नाही, तरी असू दे.

तुझी थोरली