गेटजवळचा बिनकामाचा व्हॉल्व्ह

३ मार्च, सोमवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.
दात घासत होतो. डाव्या हातात ब्रश, उजव्या हाताने बाथरूमचा नळ बंद करत होतो. बंद होईना. थेंब मोजले. मिनिटाला चौतीस. काल किती होते ते लिहून ठेवले नव्हते. म्हणून आजपासून ही वही.

दादा-वहिनी काल गेले. वहिनीच्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन आहे. बारा दिवस घर माझ्यावर. जाताना दादा बजावून गेला की नळाला हात लावू नकोस, प्लंबरला बोलव आणि उगाच शहाणपणा करू नकोस. पहिल्या दोन सूचना त्याने घाईत केल्या असाव्यात. तिसरी कोणाला उद्देशून होती ते कळले नाही.

प्लंबरला फोन केला. वॉशर बदलायचे आठशे. वॉशर दुकानात पंधराला मिळतो. फोन ठेवला.

संकल्प: नळ स्वतः दुरुस्त करणे. त्याआधी घराचा मुख्य व्हॉल्व्ह शोधून पाणी बंद करणे. दादा आल्यावर एक शब्दही न बोलता त्याला कोरडा नळ दाखवणे.

संध्याकाळी ७.
खालच्या काकू वर आल्या होत्या. तळमजल्यावर भाड्याने राहतात, शिवणकाम करतात. त्यांची कामाची खोली बरोबर आमच्या बाथरूमखाली. छताला ओल आली आहे, एका कोपऱ्यात भांडे लावून बसल्या आहेत. हॉस्पिटलच्या साठ पांढऱ्या कोटांची ऑर्डर आहे, १२ तारखेला द्यायची. म्हणाल्या की मास्तर, कापड उसने पैसे घेऊन आणलंय रे, एका कोटावर जरी डाग दिसला तरी ते लोक अख्खा गठ्ठा तोंडावर फेकतील, तेव्हा प्लंबर कधी येतोय तेवढं बोल.

(शाळा मी नववीत सोडली. तरी काकू मला मास्तर म्हणतात, कारण त्यांची बिले मीच लिहून देतो. मी काम करतो त्या गोडाउनमध्येही पार्सलांवरचे पत्ते माझ्याच हातचे असतात. आजवर एकही पार्सल माझ्या अक्षरामुळे चुकलेले नाही.)

मी म्हणालो, प्लंबरची गरज नाही, मी आहे. काकूंनी जाताना आमची मोठी बादली मागून नेली. धीर आलेला माणूस असाच कामाला लागतो.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ८.
शोध सुरू. ओट्याखाली एक पिवळा खटका सापडला. फिरवणार तोच लक्षात आले की तो गॅसचा आहे. पाच मिनिटे खाली बसलो. वॉशिंग मशीनमागे काही नाही. जिन्याखाली वहिनीचे हरवलेले लाटणे.

गेटजवळ, पाण्याच्या मीटरशेजारी जमिनीत लोखंडी झाकण. उचलताना बोट चेंगरले. आत झुरळे आणि एक गंजलेले लाल चाक. तेल सोडले. दोन्ही हातांनी फिरवले. मोजून साडेनऊ फेरे. बंद.

धावत वर गेलो, नळ सोडला. पाणी धो धो.

निष्कर्ष: हा आपला व्हॉल्व्ह नव्हे. आधीच्या कोणाचा तरी राहून गेला असावा. पुठ्ठ्याचे लेबल लिहून दोऱ्याने चाकाला बांधले: ‘हा नव्हे.’ परत उघडला नाही. बोट दुखत होते, आणि ज्याचा कोणाशी संबंधच नाही तो बंद काय आणि उघडा काय.

काकू खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या की अरे, गच्चीवर टाकी आहे ना, ती रिकामी होईपर्यंत नळ वाहणारच की, टाकीच्या बुडाशी कॉक आहे तो फिरव. मी हो हो म्हणालो. टाकीचा आणि मुख्य व्हॉल्व्हचा काही संबंध नसतो, म्हणून तर त्याला मुख्य म्हणतात. शिवाय गच्चीला उभी लोखंडी शिडी आहे. प्रश्न भीतीचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

५ मार्च, बुधवार.
बोटाला पट्टी. शोधकार्याला एक दिवस सुट्टी. घराचा नकाशा काढला, पाइप निळे, शंका लाल. निळे फार कमी निघाले.

थेंब: एक्कावन्न.

दादाचा फोन. नळाचं झालं का विचारले. काम प्रगतिपथावर आहे म्हणालो. तो म्हणाला, प्लंबर एवढा वेळ घेतोय? मी म्हणालो, पक्के काम आहे.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.१५.
थेंब: शून्य! नळ आपोआप बरा झाला असे वाटून क्षणभर आनंदाने अंग हलके झाले. मग नळ सोडून पाहिला. आत नुसता घोगरा आवाज. घरात पाणीच नाही.

काकूंकडेही नाही. म्हणाल्या की समोरच्यांकडे तर धुणं चाललंय, मग आपलंच कसं गेलं? तू गेटजवळचा कॉक परत उघडलास ना? मी म्हणालो, काकू, त्याचे सगळे मार्गी लावले आहे. खोटे नाही. लेबल लावले आहेच.

गोडाउनला जाताना पाणी खात्याच्या ऑफिसात अर्ज दिला. ‘विषय: पाणीपुरवठा अचानक खंडित झाल्याबाबत.’ दोन पाने, समासासह. तिथला कारकून म्हणाला की इतका शुद्ध अर्ज दहा वर्षांत वाचला नाही, उद्याच माणूस पाठवतो. दिवस सार्थकी लागला.

८ मार्च, शनिवार. सकाळी ८.५०.
आंघोळीविना बसलो असताना एकदम सुचले. पाणी बंद करायला व्हॉल्व्ह शोधत होतो, आणि पाणी तर आपणहून बंद झाले आहे! दुरुस्तीला याहून चांगला मुहूर्त नाही. पाना लावला. नळ अख्खा हातात आला. भिंतीतल्या पाइपमध्ये टॉर्च मारून पाहिली. ठणठणीत कोरडा.

नळ खिशात घेतला. मापाचा वॉशर घेऊन तसाच ड्युटीवर जाईन. संध्याकाळी बसवायला दहा मिनिटे.

संध्याकाळी ६.
जे घडले ते क्रमाने.

पाणी खात्याचा माणूस अकराला आला. झाकण उचलले. लेबल वाचून हसला, असे काकू म्हणतात. चाक उघडून दिले, पाणी खेळते झाले म्हणाला, काकूंची सही घेतली आणि गेला. काकू उरलेली बटणे आणायला बाजारात गेल्या.

दीडला परत आल्या तेव्हा टाकीतले पाणी वरून आमच्या उघड्या पाइपातून आणि आमच्या बाथरूममधून त्यांच्या छतातून पडत होते. काकू दुखऱ्या गुडघ्यांनिशी ती उभी शिडी चढल्या आणि टाकीखालचा कॉक बंद केला. पाव फेरा. तेवढाच लागतो म्हणे.

एक्केचाळीस कोट शिवून दांडीवर लावलेले होते. जुन्या स्लॅबचे पाणी चहासारखे असते.

पाणी खात्याने येण्याआधी पूर्वसूचना द्यायला हवी होती. तसा अर्ज करणार होतो. काकूंच्या दारापर्यंत गेलो. त्या एकेक कोट पिळून खुर्चीवर टाकत होत्या. मी किती खराब झाले विचारले. म्हणाल्या, मोज ना, तुला मोजायला आवडतं.

अर्ज केला नाही.

९ मार्च, रविवार.
गंजाच्या डागांना लिंबू आणि मीठ, असे कोणीतरी सांगितले. चोवीस लिंबे आणली. काकूंनी एक कोट दिला, बाकीच्यांना हात लावू दिला नाही. दोन तास घासला. डाग फिका झाला. बाही फाटली.

काकूंनीच प्लंबरला बोलावले. सात मिनिटांत नळ बसला. खाली काकूंच्या खोलीत पैसे घेताना त्याने विचारले की तो नळ काढला कुणी? काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. तिथे पाहायला नको होते.

१० मार्च, सोमवार.
दादाचा फोन. मी पाण्याच्या दाबाविषयी सांगू लागलो. तो म्हणाला, फोन काकूंना दे. खाली नेऊन दिला. काकू बोलल्या ते ऐकू आले. म्हणाल्या की नाही रे, ओरडू नकोस त्याला, ओरडून काय कापड पांढरं होणार आहे? हे ऐकून बरे वाटेल असे वाटले होते.

रात्री झोप नाही. खालच्या मशीनचा आवाज येत राहिला. उरलेले एकोणीस कोट चालले असणार.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ७.३०.
काकूंनी बोलावले. एकोणीस कोट घडी करून कापडात बांधलेले. म्हणाल्या, मास्तर, बाकीच्यांसाठी हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दे.

मी लिहिले: ‘काही अपरिहार्य कारणास्तव.’ त्यांनी वाचायला लावले. म्हणाल्या, खोड ते. साधं लिही. वरच्या मजल्यावरच्या मुलाने नळ काढून ठेवला. पाणी आलं. कोट खराब झाले. पंधरा दिवस द्या.

तसेच लिहिले. एकही चूक नाही. परत वाचायला लावले. मग म्हणाल्या, आता त्या मुलाची सही घे.

सही केली.

दुपारी २. हॉस्पिटलने एकोणीस घेतले. पंधरा दिवस दिले नाहीत. बाकीची ऑर्डर दुसरीकडे दिली आहे.

हिशेब.
पाना, तेल, वॉशर: ३४०.
लिंबे आणि मीठ: १३०.
प्लंबर, रविवारचा दर: १०००. काकूंनी दिले. देणे बाकी.
एक्केचाळीस कोटांचे कापड: देणे बाकी. आकडा विचारला. काकू म्हणाल्या, आधी तुझा पगार सांग. सांगितला. त्या सुईत दोरा ओवू लागल्या.