ढब्बूची बिस्किटं

बाबा,

माझी आज सकाळची पाळी आहे, म्हणून तुम्हाला न उठवता निघाले.

आधी कबूल करा की रागावणार नाही. काल चहाबरोबर तुम्ही खाल्लीत ती बिस्किटं आपल्या ढब्बूची होती. भोपळा, ओट्स आणि अंडं, बाकी काही नाही. बाधत नाहीत, मी स्वतः खाऊन पाहिलीत. पण हाडाचा आकार बघूनही तुम्हाला शंका येऊ नये, कमाल आहे! वर मलाच म्हणालात, "सूनबाई, मीठ विसरलीस." ढब्बू शेपटी हलवत तुमच्याकडे टक लावून का बघत होता, ते आता कळलं ना? तुमच्या लेकाला बोलले नाहीये, नाहीतर तो गावभर करेल.

पहाटे मी पुन्हा नवी भाजलीत. ट्रे ओव्हनमध्ये आहे. पूर्ण गार झाली की निळ्या झाकणाच्या डब्यात भरा, गरम भरलीत तर मऊ पडतील. ती ढब्बूची. लाल झाकणाच्या डब्यातली तुमची, मीठ-मिरी घातलेली. आकार हाडाचाच आहे, घरात दुसरा साचा नाही. कुरकुर करू नका.

खरं तर कालच तुम्हाला थांबवणार होते. पण तुम्ही बशी पुढे केलीत आणि म्हणालात, "अजून दोन दे." आई गेल्यापासून तुम्ही काही मागून खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणून ढब्बूच्या वाटीतली उचलून तुम्हाला वाढली.

— सूनबाई